असाही शास्त्रलेख आहे

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात शास्त्राचा आधार घेऊन बोलणारे दोघे आहेत. एक प्रभू येशू आणि दुसरा सैतान. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतान त्याला खाली उडी टाकायला सांगतो आणि लगेच एक्याण्णवाव्या स्तोत्रातले वचन म्हणून दाखवतो: देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, तुझा पाय दगडावर आपटू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील. वचन खरे आहे. येशू ते खोटे ठरवत नाही, त्यावर वादही घालत नाही. असाही शास्त्रलेख आहे, एवढेच म्हणून तो जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले वचन पुढे ठेवतो: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नकोस.

तेव्हा वचने तोंडपाठ असली म्हणजे शास्त्र कळले असे होत नाही. ती सैतानालाही पाठ होती. ‘असाही शास्त्रलेख आहे’ असे ज्याला म्हणता येते त्याला एका वचनाशेजारी दुसरे वचन ठाऊक असते, त्या दोहोंमागची सगळी हकिगत ठाऊक असते, आणि त्या सगळ्यापुढे मान तुकवायची त्याची तयारी असते. येशूने तशी मान तुकवली होती. चाळीस दिवसांच्या उपासानंतर, प्रत्यक्ष भूक लागलेली असताना, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे वचन त्याने दुसऱ्या कोणाला ऐकवले नाही. स्वतःला लावून घेतले.

बायबल सबंध वाचणे, त्याचा अभ्यास करणे आणि त्याप्रमाणे वागणे ही आपण तीन वेगवेगळी कामे समजतो. वाचायचे सगळ्यांनी, अभ्यास करायचा पाळकांनी, आणि वागायचे जमेल तेवढे. ही वाटणीच मला मान्य नाही. हे एकच काम आहे. त्याचा एक भाग तोडला की उरलेले भाग अपुरे पडतात, आणि पुष्कळदा घातकही होतात. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात याचे दाखले इतके आहेत की ‘रोज थोडे वाचत जा, मनाला शांती मिळेल’ एवढ्यावर हा विषय संपवता येत नाही.

आज आपल्यापैकी बहुतेकांना शास्त्र भेटते ते सुट्या वचनांतून. कॅलेंडरच्या पानावर, भिंतीवरच्या चौकटीत, सकाळी मोबाइलवर आलेल्या फुलांच्या चित्रावर. त्या वचनांना मी कमी लेखत नाही. आजारी माणसाच्या उशाशी तेविसाव्या स्तोत्रातली एक ओळ जे करते ते मोठमोठ्या प्रवचनांनाही साधत नाही. पण यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन घ्या. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर म्हणतो. नोकरी, परीक्षा, लग्न, नवे घर, सगळ्या प्रसंगी आपण ते एकमेकांना देतो. मुळात ते एका पत्रातले आहे. बाबेलला धरून नेलेल्या कैद्यांना यिर्मयाने ते लिहिले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांना दोन वर्षांत सुटकेचे आश्वासन दिले होते, आणि ते खोटे होते. यिर्मया लिहितो की सत्तर वर्षे लागतील. पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परक्या देशातच मरणार होते. त्यांना तो सांगतो की घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहराने तुम्हाला बंदिवान केले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे सगळे सांगून झाल्यावर ते वचन येते. स्वस्त दिलाशाच्या विरोधात ते लिहिले गेले, आणि आपण त्याचाच स्वस्त दिलासा करून टाकला. सबंध पत्र वाचणाऱ्याला मिळणारा धीर याहून कितीतरी मोठा आहे. माझ्या हयातीत काही पालटले नाही तरी देवाने मला टाकलेले नाही, हा तो धीर.

फिलिप्पैकरांच्या पत्राचेही असेच झाले आहे. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगाने मी सर्व काही करू शकतो, हे वाक्य आता विजयाची घोषणा म्हणून वापरतात. ते लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बंधनात होता. आधीच्याच ओळीत तो म्हणतो की तृप्त असणे आणि उपाशी असणे, विपुल असणे आणि विपन्न असणे, दोन्ही मी शिकलो आहे. त्याचे ‘सर्व काही’ म्हणजे उपासमारही.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. पौलाच्या पत्रांत अध्याय नव्हते आणि वचनांचे आकडेही नव्हते. बायबलची आज चालते ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या कराराला वचनांचे आजचे आकडे मिळाले ते रॉबेर एतिएन या मुद्रकाच्या 1551 च्या आवृत्तीत. संदर्भ शोधायला ही सोय फार चांगली आहे, पण तिने आपल्याला तुकड्यांची सवय लावली. पहिल्या शतकातल्या मंडळीला पत्र आले की ते सगळ्यांसमोर वाचले जाई. थेस्सलनीकाकरांना पौल प्रभूची शपथ घालून सांगतो की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना सांगतो की तुमचे वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाऊ द्या. मधले अवघड परिच्छेद आणि नकोशा वाटणाऱ्या सूचना यांवरून पुढे उडी मारायची सोय ऐकणाऱ्याला नव्हती.

नकोसे वाटते ते वगळण्याचा मोह मात्र जुनाच आहे, आणि तो कुठून येतो हे खुद्द शास्त्रानेच सांगून ठेवले आहे. यहूदाचा राजा योशीया याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची दुरुस्ती चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. ग्रंथ हरवला होता तो मंदिरातच. उपासना, यज्ञ, याजक, सगळे चालू होते आणि देवाचे वचन कुठेतरी कोपऱ्यात पडून होते, कोणाला त्याची उणीवही भासली नव्हती. शाफान चिटणीसाने तो राजापुढे वाचला. ऐकताच योशीयाने आपली वस्त्रे फाडली. मग त्याने हुल्दा संदेष्ट्रीकडे विचारणा केली, लहानथोर सगळ्या लोकांना जमवून ग्रंथ वाचून दाखवला आणि देशभरच्या मूर्ती हटवल्या.

त्याचा मुलगा यहोयाकीम पुढे राजा झाला. यिर्मयाने सांगितलेली आणि बारूखाने लिहून घेतलेली गुंडाळी त्याच्यापुढे वाचण्यात आली. हिवाळा होता, पुढ्यात शेगडी पेटलेली होती. तीनचार स्तंभ वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापी आणि आगीत टाकी. असे करत सगळी गुंडाळी जळाली. जाळू नका म्हणून विनवणाऱ्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता. बापाने वाचून दाखवलेल्या ग्रंथापुढे एका राजाने वस्त्रे फाडली आणि मुलाच्या देखत दुसऱ्याने ग्रंथ फाडला.

यहोयाकीमाने असे का केले? कोप केवळ गुंडाळीतल्या भविष्यवाणीमुळे होता का? ही हकिगत यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायातली, आणि उत्तरासाठी याच पुस्तकात चौदा अध्याय मागे जावे लागते. बाविसाव्या अध्यायात यिर्मया याच राजाला म्हणतो की जो अन्यायाने आपले घर बांधतो, शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतो आणि त्याची मजुरी देत नाही, त्याला धिक्कार असो. राजा प्रशस्त वाडा बांधत होता, गंधसरूची तक्तपोशी आणि हिंगुळाचा रंग देत होता, आणि राबणाऱ्यांना दाम मिळत नव्हता. पुढे योशीयाची आठवण येते. तुझा बाप खातपीत नव्हता काय? तरी तो न्यायाने वागला, त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला. आणि मग परमेश्वर विचारतो, मला ओळखणे ते हेच नव्हे काय?

मला वाटते, सबंध बायबलमध्ये ‘देवाला ओळखणे’ याची इतकी रोखठोक व्याख्या क्वचितच कुठे असेल. ज्याने मजुरी बुडवली त्यानेच गुंडाळी कापली. ज्याने गरिबाचा न्याय केला त्यानेच वस्त्रे फाडली. ज्याच्या वागण्यात काही लपवण्याजोगे असते त्याला सबंध शास्त्र झेपत नाही, त्याला चाकू लागतो.

1807 साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले, वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी निवडक उतारे असलेले. जुन्या कराराचा बहुतेक भाग आणि नव्या कराराचा जवळजवळ निम्मा भाग त्यात नव्हता. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला आणि धन्याशी प्रामाणिक राहिला, ही हकिगत होती. मोशेने इस्राएलांना फारोच्या दास्यातून बाहेर काढले, ही नव्हती. दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा, हे इफिसकरांच्या पत्रातले वचन ठेवले होते. दास नाही आणि स्वतंत्र नाही, तुम्ही सर्व ख्रिस्त येशूमध्ये एकच आहात, हे गलतीकरांच्या पत्रातले काढले होते. छापणाऱ्यांचा हेतू गुलामांना ख्रिस्ताकडे आणण्याचा होता, आणि मळेवाल्यांची परवानगी मिळवायची तर दुसरा मार्ग नाही असे त्यांना वाटले असेल. तरीही त्या पुस्तकाच्या पानापानावर यहोयाकीमाचा चाकू फिरला आहे, आणि इथेही त्यामागे न दिलेली मजुरीच आहे.

13 नोव्हेंबर 1933 रोजी बर्लिनमध्ये नाझींना पाठिंबा देणाऱ्या, ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या पंथाच्या हजारोंच्या सभेत जाहीर मागणी झाली की मंडळीने जुना करार टाकून द्यावा, कारण तो ज्यूंचा आहे. संदेष्टे गेले, स्तोत्रे गेली, परक्याला छळू नका म्हणणारे नियमशास्त्र गेले की उरणाऱ्या ख्रिस्ताला हवा तो गणवेश घालता येतो. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीतल्याच बार्मेन इथे जमलेल्या त्यांच्या विरोधकांनी घोषणापत्र काढले. त्याची सहाही कलमे शास्त्रवचनाने सुरू होतात. धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाला त्यांनी वचनाच्या आधारे नाही म्हटले, आणि त्याची किंमत पुढे अनेकांनी तुरुंगात मोजली. तरीही त्या घोषणापत्रात ज्यूंच्या छळाविषयी एक वाक्य नाही. शास्त्र हाती घेऊन उभ्या राहिलेल्या त्या धैर्यवान माणसांनाही लूकाच्या दहाव्या अध्यायातला ‘माझा शेजारी कोण’ हा प्रश्न त्या दिवशी पुरता ऐकू आला नाही. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. वाचलेले आचरणात उतरेपर्यंत वाचन पुरे होत नाही, हे भल्याभल्यांच्या बाबतीतही खरे आहे.

इथे एक सरळ आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेतल्या गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी कापलेले बायबल नव्हते. सबंध बायबल होते, रोज वाचले जात होते. मग सबंध वाचून काय झाले?

गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात आपल्या एका धन्याविषयी लिहिले आहे. तो मनुष्य धार्मिक मेळाव्याला जाऊन आला, भक्तिमान झाला, घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होऊ लागल्या. आणि एका पांगळ्या तरुण गुलाम मुलीला बांधून, उघड्या खांद्यांवर रक्त येईपर्यंत चाबकाने मारताना तो वचन म्हणत असे: धन्याची इच्छा माहीत असून ज्या दासाने तसे केले नाही त्याला पुष्कळ फटके मिळतील. लूकाचा बारावा अध्याय, सत्तेचाळिसावे वचन. आता तेच पान उघडून दोनच वचने मागे जा. पंचेचाळिसाव्या वचनात तो दास कोण आहे ते सांगितले आहे. धनी यायला उशीर लागेल असे मनात म्हणून जो हाताखालच्या चाकरांना आणि चाकरणींना मारहाण करू लागतो, तो. फटक्यांची धमकी मारणाऱ्याला होती. येशूने ज्याच्याविरुद्ध हे सांगितले नेमका तोच माणूस हे सांगून एका मुलीला मारत होता.

मागची दोन वचने वाचायला किती वेळ लागतो? त्याला अक्षरओळख होती, पुस्तक समोर होते, सवड होती. नव्हती ती आज्ञा पाळण्याची इच्छा, आणि ती नसेल तर डोळ्यांसमोरचे अक्षरही दिसत नाही. योहानाच्या सातव्या अध्यायात येशू हेच सांगतो: जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे त्याला ही शिकवण देवाकडची आहे की नाही हे कळेल. एरवी आपण आधी समजू आणि मग करू असे म्हणतो. येशू क्रम उलटा लावतो. करायची तयारी आधी, समज नंतर. म्हणून बायबलचा अभ्यास एका बाबतीत इतर कोणत्याही ग्रंथाच्या अभ्यासाहून वेगळा आहे. भाषा येऊन, इतिहास येऊन, हजार टीकाग्रंथ वाचूनही माणूस त्याच्या दाराबाहेर राहू शकतो. योहानाच्या पाचव्या अध्यायातले शास्त्र शोधणारे तसेच बाहेर राहिले.

लूकाच्या दहाव्या अध्यायातला शास्त्रीही परीक्षेत उत्तीर्ण झालेलाच आहे. सार्वकालिक जीवनासाठी काय करावे, असे तो विचारतो. येशू म्हणतो, नियमशास्त्रात काय लिहिले आहे? तुझ्या वाचनात काय आले आहे? शास्त्री अचूक उत्तर देतो, देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. येशू म्हणतो, ठीक उत्तर दिलेस, हेच कर म्हणजे जगशील. तिथे तो शास्त्री अडखळतो, माझा शेजारी कोण असे विचारतो, आणि लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूची व यहूदी ज्याला परका मानत त्या शोमरोनी माणसाची गोष्ट जन्माला येते. त्या रस्त्यावरून आधी गेलेले याजक आणि लेवी शास्त्र कोळून प्यायलेले होते. वाट सोडून पुढे जाताना त्यांनी कदाचित शुद्धाशुद्धतेचा एखादा नियमही आठवला असेल. शोमरोन्याला वाटेत पडलेला माणूस दिसला.

याकोब आपल्या पत्रात वचन ऐकून न करणाऱ्याला आरशात तोंड पाहून विसरणारा म्हणतो आणि पाचव्या अध्यायात तोच याकोब पुन्हा मजुरीवर येतो: तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्या ज्या कामकऱ्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडत आहे. लेवीयमध्ये मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नकोस असे आहे, अनुवादात सूर्य मावळण्यापूर्वी दे असे आहे, मलाखीत आहे, यिर्मयात आहे. मोशेपासून याकोबापर्यंत इतक्या सातत्याने आलेला हा विषय किती उपदेशांत ऐकू येतो? घरकाम करणाऱ्या बाईचा पगार, दुकानातल्या पोराची सुट्टी, संस्थेतल्या शिपायाची थकलेली रक्कम यांच्याशी बायबलचा संबंध आहे हे आपल्याला क्वचितच सांगितले जाते, कारण ही वचने कोणी भिंतीवर लावत नाही. सबंध वाचल्याशिवाय ती भेटतच नाहीत. भेटल्यावर त्या दिवशी कोणाचे देणे द्यायचे आहे हे आठवले आणि ते दिले, तर मी म्हणेन की तो मनुष्य शास्त्राचा अभ्यासक आहे.

‘आम्हाला पाळक आहेत, ते समजावून सांगतात’ असे पुष्कळ जण म्हणतात. पाळकांविषयी आदर असावाच, त्यांची साधना मोठी असते. पण बिरुया या नगरातल्या लोकांना प्रेषितांच्या कृत्यांत शाबासकी मिळाली ती कशासाठी? पौल सांगतो ते तसेच आहे की काय हे ते शास्त्रात रोज शोधून पाहत होते. सांगणारा प्रत्यक्ष पौल होता, आणि तरी हा शोध अनादर ठरला नाही. त्यांच्या मनाचा मोठेपणा म्हणून त्याची नोंद झाली. जो पाळक आपल्या लोकांनी बायबल उघडून आपले बोलणे ताडून पाहावे असे म्हणतो, त्याच्या हाती मंडळी सुरक्षित असते. जिथे तसे ताडून पाहणे उद्धटपणा समजला जातो, तिथे पैशाच्या, आजाराच्या, लग्नाच्या प्रश्नांवर कोणीही काहीही देवाच्या नावाने सांगू शकतो, आणि सांगतातही. दशमांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची, वचने एका हाती आणि विधवांची घरे गिळणाऱ्यांविषयी येशूने काढलेले शब्द दुसऱ्या हाती, असे दोन्ही ज्याच्याजवळ आहेत त्याला फसवणे कठीण असते.

अधिकारावरच्या माणसाला तर यातून सूटच नाही. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलाच्या भावी राजासाठी नियम आहे. त्याने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी करून घ्यावी आणि आयुष्यभर रोज ती वाचावी. कारणही तिथेच दिले आहे: त्याचे मन आपल्या भाऊबंदांपेक्षा उंच होऊ नये म्हणून. मंडळीचे विश्वस्त, संस्थांचे संचालक, धर्मगुरू, बिशप या सगळ्यांनी हे वाक्य आपल्याला उद्देशून आहे असे समजून वाचावे असे मला कळकळीने वाटते.

अवघड भागांविषयीही बोलले पाहिजे. यहोशवातल्या लढाया आहेत, एकशेसदतिसाव्या स्तोत्राचा भयंकर शेवट आहे, ‘शास्ते’ या पुस्तकात स्त्रियांवरचे अत्याचार आहेत. पुष्कळ प्रामाणिक वाचक तिथे येऊन थांबतात. त्यांना मी असे म्हणणार नाही की डोळे मिटून पुढे जा. ईयोबाने देवाला जाब विचारला, हबक्कूकाने विचारला, अब्राहामाने सदोमासाठी घासाघीस केली, आणि शास्त्राने हे सगळे प्रश्न जपून ठेवले. पण वाचताना ख्रिस्ती माणसाजवळ एक माप आहे. लूकाच्या नवव्या अध्यायात शोमरोन्यांचे एक गाव येशूला उतरू देत नाही. याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा असे आम्ही म्हणावे काय? त्यांच्या डोळ्यांसमोर एलीया संदेष्टा आहे. त्याने आकाशातून अग्नी पाडल्याची हकिगत राजांच्या पुस्तकात आहे, म्हणजे दाखला शास्त्रातलाच. येशू वळून त्यांना धमकावतो, आणि ते दुसऱ्या गावी जातात. एवढीच घटना आहे, पण शास्त्रात सापडलेल्या उदाहरणाने कोणाचा नाश करायची परवानगी मिळत नाही, हे ती कायमचे ठरवून टाकते. जुना करार टाकायचा नाही, आणि येशूला बाजूला ठेवून तो वाचायचाही नाही.

एकट्याने वाचण्याची मर्यादा इथे कळते. कूशी अधिकारी रथात यशया वाचत होता. तुम्ही जे वाचता ते समजते काय, असे फिलिप्पाने विचारले तेव्हा त्या मोठ्या माणसाने, कोणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसे समजेल, असे सरळ सांगितले आणि धुळीतून धावत आलेल्या अनोळखी माणसाला रथात शेजारी बसवले. अपुल्लो शास्त्रात प्रवीण होता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला जवळ घेऊन अधिक नीट समजावले, आणि त्याने ते ऐकले. तीमथ्याचे शास्त्रशिक्षण बालपणी झाले, आणि पौल त्याच्या आजीच्या म्हणजे लोईसच्या आणि आई युनीकेच्या विश्वासाची आवर्जून आठवण करतो. शिकवणाऱ्यांत पाळक, प्रवासी, नवराबायको आणि आजी, सगळे आहेत. आपल्या अभ्यासगटांत गरीब, तरुण, स्त्रिया आणि मंडळीत नव्याने आलेली माणसे बोलती झाली पाहिजेत. निर्गमातली सुटका दास्य भोगलेल्याला जशी कळते तशी ती सुखवस्तू माणसाला एकट्याने बसून कळत नाही.

नहेम्याच्या आठव्या अध्यायातली सभा मला म्हणूनच फार आवडते. पाणीवेशीसमोरच्या चौकात पुरुष, स्त्रिया आणि समजण्याजोगी मुले जमली. एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत वाचले, लेव्यांनी अर्थ सांगितला, लोक रडले. रडू नका, जेवणखाण करा आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना वाटे पाठवा, असे त्यांना सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रमुख माणसे पुन्हा अभ्यासाला बसली. मांडवांच्या सणाविषयी एक आज्ञा त्यांना लिहिलेली सापडली, यहोशवाच्या काळापासून तशी कोणी पाळलेली नव्हती. त्यांनी समिती नेमली नाही. लोक डोंगरावर गेले, जैतुनाच्या आणि खजुरीच्या फांद्या आणल्या आणि घराच्या धाब्यांवर मांडव घातले. वाचन, उलगडा, अश्रू, वाटे, पुन्हा वाचन आणि मांडव, हे सगळे काही दिवसांत झाले.

सुरुवात कुठून करावी, हे नेहमी विचारले जाते. पहिल्या पानापासून सुरू करणारे पुष्कळदा लेवीयमध्ये थकतात. मार्काचे शुभवर्तमान घ्यावे आणि एका बैठकीत वाचून काढावे, दीडदोन तास लागतात. मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये एकापाठोपाठ, कारण ती एकाच लेखकाची दोन पुस्तके आहेत. मग निर्गम आणि अनुवाद, मग आमोस, मग याकोबाचे पत्र. फिलेमोनाला लिहिलेले पत्र एका पानाचे आहे, पण पळून गेलेल्या अनेसिम या दासाला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून परत घे, ही त्यातली विनंती पचवायला आठवडा द्यावा. रोज साडेतीन अध्याय वाचले तर सबंध बायबल वर्षाच्या आत होते. मात्र वेगाला महत्त्व नाही. वाचताना एक वही जवळ असावी आणि तिच्यात आवडलेल्या वचनांपेक्षा न आवडलेली वचने आधी लिहावीत. आपला चाकू कुठे फिरतो ते त्या यादीवरून कळते.

आणि मंडळीच्या इतिहासात बहुतेक काळ बहुतेक ख्रिस्ती लोकांना वाचताच येत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. त्यांनी ऐकले, आणि ऐकून पाळले. प्रकटीकरणाच्या आरंभी वाचून दाखवणारा, ऐकणारे आणि पाळणारे या सगळ्यांना धन्य म्हटले आहे. आजही प्रत्येक मंडळीत डोळ्यांनी अधू झालेली, शाळेत न गेलेली, अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. त्यांना रविवारी पाच मिनिटांचे एक वचन देऊन निघून येण्याऐवजी दर आठवड्याला तासभर बसून एखादे पुस्तक सबंध वाचून दाखवावे. मार्क दोन भेटींत होतो, रूथची गोष्ट एका भेटीत होते. वाचून झाल्यावर थांबावे, आणि त्यांना काय वाटले ते विचारावे.